बाबांच्या प्लेटलेट्स

वसईजवळच्या आमच्या आचोळ्यात पावसाळा संपत आला की माणसं एकमेकांना प्लेटलेट्स विचारतात. दहावीचा निकाल लागल्यावर टक्के विचारावेत तशा. जिन्यात, दुधाच्या दुकानात, रिक्षाच्या रांगेत. "किती आल्या?" "नव्वद." "काल?" "सत्तर." "मग चढतायत की! घाबरू नका." पुढचं 'हजार' कुणी उच्चारत नाही. ज्याच्या वीसपर्यंत उतरून परत वर आल्या, तो माणूस पुढे वर्षभर तेच सांगत फिरतो.

दोन वर्षांपूर्वी, गणपती उठल्यावर, माझ्या बाबांच्या ब्याऐंशी आल्या. बिल्डिंगमध्ये तेव्हा सात घरांत ताप होता. बाबांनाही तीन दिवस होता. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली, पण टेस्ट उशिरा केली की असं होतं, असं कुणीतरी म्हणालं आणि ते आम्हाला पुरलं. ताप, डासांचे दिवस, आचोळे आणि ब्याऐंशी हजार. आणखी काय पुरावा हवा? ताप उतरला. बाकीच्या सहा घरांतल्या प्लेटलेट्स पंधरा दिवसांत दीड-दोन लाखांवर गेल्या. बाबांच्या तिथेच राहिल्या. महिन्याने एकोणऐंशी.

बाबांचं आयुष्य त्या आकड्यावर टांगलेलं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला त्यात पत्रकाचा मथळा दिसला.

आमच्या मागे एक अर्धवट सोडलेली बिल्डिंग आहे. तिच्या पायाच्या खड्ड्यात बारा महिने पाणी असतं. मी पत्रक लिहिलं: 'ब्याऐंशी हजार! जबाबदार कोण?' खाली बाबांच्या रिपोर्टचा फोटो, नाव झाकून. बाबांनीच पाचशे प्रती काढून आणल्या. "मथळा बरा जमलाय," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मला पंचवीस वर्षं लागली होती. आम्ही दोघांनी ती पत्रकं स्टेशनच्या पुलाखाली वाटली. खड्ड्यात डास होतेच, सहा घरांच्या बाबतीत मी खरं तेच लिहिलं होतं. ज्या सातव्या घराचा रिपोर्ट पुरावा म्हणून छापला, तेवढ्या एकाच घराच्या बाबतीत ते चुकलं होतं.

बाबा वसईच्या औद्योगिक वसाहतीत एका छापखान्यात मशीनवर होते. लग्नपत्रिका, औषधांची खोकी, कॅलेंडरं. मोठे कागद कापले की कडेच्या पट्ट्या उरतात. मालकाला विचारून ते त्या घरी आणत आणि त्यांवर पत्रकं छापत. म्हणून आमची पत्रकं अरुंद आणि लांबट असायची, दुधी भोपळ्यासारखी. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. माझ्या वर्गातल्या मुली 'घर', 'नळ' वाचत होत्या तेव्हा मला 'निषेध' वाचता येत होतं. इस्त्रीवाल्यापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे मला 'पत्रकवाल्यांची' म्हणत, आणि मला त्याचा माज होता.

बाबा पाण्यावर लिहीत, रस्त्यांवर लिहीत, पण त्यांचं खरं काम दारूविरुद्धचं. आजोबा कोकणात दारूपायी गेले, बाबा बारा वर्षांचे असताना. त्याबद्दल ते याहून जास्त कधी बोलले नाहीत. त्यांच्या दारूबंदीच्या पत्रकावर माणसाची आकृती होती, पोटात उजव्या बाजूला काळा डाग, आणि खाली ठळक टायपात: 'सडलेलं लिव्हर खोटं बोलत नाही.' हे वाक्य त्यांचं स्वतःचं. त्यांना त्याचा फार अभिमान. दर वर्षी मजकूर बदलायचा, पण ते वाक्य आणि तो डाग तसाच असायचा. लिव्हर खराब झालं म्हणजे माणूस पीत होता, बायको-पोरं काहीही म्हणोत. आमच्या भागातल्या दोन पिढ्यांना हे आम्ही शिकवलं.

म्हणून पुढचं घडलं.

तिसऱ्या रिपोर्टात चौऱ्याहत्तर आल्या तेव्हा आमच्या गल्लीतल्या डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहिली. "पोटाची सोनोग्राफी करून घ्या. लिव्हर बघून घेऊ एकदा."

 बाबांची मान ताठ झाली तेवढी मला दिसली. मग मीच बोलले.

"मॅडम, हे कोण आहेत माहिताय ना तुम्हाला? थेंब घेतला नाही यांनी आयुष्यात. तुम्ही लिव्हर लिहून देताय. उद्या हा कागद कुणी बघितला तर?"

"अगं, मी दारूचं नाव तरी घेतलं का?"

"मग लिव्हर कशाने बिघडतं?"

"शुगर आहे त्यांना. वजन आहे. चरबीनेही बिघडतं. प्लेटलेट्स इतके दिवस वर येत नाहीत तेव्हा बघावं लागतं. सगळ्यांचं दारूनेच बिघडतं, हे सांगितलं कुणी तुला?"

उत्तर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलं होतं. बाहेर पेशंट खोकत होते. बाबा उठले, "चल" म्हणाले. रस्त्यावर आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं बोललीस."

चिठ्ठी त्यांच्या शर्टच्या खिशात राहिली. कपडे भिजवताना आईने ती बाहेर काढली आणि विचारलं, "हे ठेवायचंय का गं?"

"टाक," मी म्हणाले.

तिथून दीड वर्ष गेलं. मी ते कुणाच्याही नावावर ढकलू शकत नाही. आईने विचारलं होतं, डॉक्टरबाईंनी लिहून दिलं होतं. टाक म्हणणारी मी होते.

या दीड वर्षात बाबांवर उपचार केले ते पापडीच्या काकांनी. हे बाबांच्याच छापखान्यात बाइंडिंगला. पापडीत त्यांची छोटी वाडी आहे, केळी, नारळ आणि कडेला पपई. रविवारी सकाळची चर्चमधली मिसा झाली की ते तसेच, कडक इस्त्रीच्या शर्टात, स्कूटरच्या हुकाला पपईच्या पानांची पिशवी लावून आमच्याकडे यायचे. पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट्स वाढतात, हे आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. आई पानं वाटून गाळायची. हिरवाकंद, कडूजहर रस.

"पी," काका म्हणायचे. "बकरीपुढे टाकलं तर बकरीपण तोंड फिरवते."

"मग मला कशाला देतोस?"

"तू बकरीहून हट्टी आहेस म्हणून. नाताळला माझ्याकडे येतो, दोन प्लेट कलकल खातो, आणि घरच्या वाइनचा ग्लास दिसला की असा सरकतो जसा काय मी विंचू ठेवलाय. निदान हे तरी पी माझ्या हातचं."

बाबा डोळे मिटून एका घोटात प्यायचे. हसायचेही. आम्ही सगळेच हसायचो. आकडा मात्र हलायचा नाही. एकाहत्तर. अडुसष्ट. "आमचं झाड म्हातारं झालं बहुतेक," काका म्हणाले, आणि शेजारच्या वाडीतल्या दुसऱ्या झाडाची पानं आणायला लागले.

दात घासताना बाबांच्या हिरड्यांतून रक्त यायचं. मशीनला हात घासला तरी काळानिळा डाग उठायचा आणि आठवडाभर टिकायचा. "डेंग्यूने पोखरलंय," बाबा म्हणायचे. आई कपाळाला आठ्या घालून त्यांच्याकडे बघायची. "अहो, पँटचं बटण लागत नाही तुमचं, आणि हात बघा, काड्या झाल्यात. असं कसं सुटतंय एकटं पोट?" बाबा म्हणायचे, "वय." मी म्हणायचे, "आई, तू उगाच घाबरवू नकोस." घरात एकटी आईच डोळ्यांनी बघत होती, आम्ही दोघं लिहिलेलं वाचणारी माणसं.

मग या मार्चमधला एक रविवार. काका पानं देऊन निघायच्या बेतात होते, आईने त्यांना जेवायलाच बसवलं. कुळथाची पिठी आणि भात. बाबांनी दोन घास खाल्ले, ताट सरकवलं आणि मोरीकडे गेले. आम्हाला आवाज आला. मी गेले तेव्हा ते भिंतीला धरून उभे होते आणि मोरी काळपट लाल झालेली होती. इतकं रक्त मी पूर्वी पाहिलं नव्हतं. काकांनी जेवणाचे हात धुतलेही नाहीत. बाबांना काखेत घेऊन त्यांनी जिना उतरवला. रिक्षात बाबा एकदाच बोलले: "डेंग्यूत असं होतं ना?"

"होतं होतं," काका म्हणाले. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर डाग होते आणि हाताला अजून भात चिकटलेला होता.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी बाबांच्या तोंडातून दुर्बीण घातली आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसांना रबरी बँड लावले. रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी लिव्हरचे डॉक्टर आले. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे असतील. त्यांनी शब्द उच्चारला, सिरोसिस. लिव्हर सुकून गाठीगाठींचं, निबर झालेलं. बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "डॉक्टर, मी दारू पीत नाही."

"मी विचारलं नाही, काका."

"कधीच घेतली नाही."

"मानतो मी. शुगर आणि लिव्हरमधली चरबी. वीस-वीस वर्षं चालतं हे आतल्या आत, दुखत नाही, काही नाही. सगळ्यात आधी कळतं ते बहुतेकदा साध्या रक्त तपासणीतून. प्लेटलेट्स उतरायला लागतात. तुमच्या कधीपासून कमी आहेत?"

मी फाइल पुढे केली. ब्याऐंशी, एकोणऐंशी, चौऱ्याहत्तर, एकाहत्तर, अडुसष्ट. डॉक्टर एकेक पान उलटत गेले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मला समजून घ्यायचं होतं. अपराधी माणसाला सगळं बारीकसारीक समजून घ्यायचं असतं. त्यांनी एका रिपोर्टच्या पाठीमागे चित्र काढलं. प्लेटलेट्स हाडांच्या मगजात तयार होतात, पण किती करायच्या याचा निरोप लिव्हरकडून जातो. लिव्हर निबर झालं की निरोप कमी. शिवाय लिव्हरमधून रक्त नीट पुढे सरकेना की ते मागे तुंबतं, मग पाणथरी फुगते. डाव्या बरगडीखालचा हा अवयव म्हाताऱ्या रक्तपेशी गाळून काढण्याचा. तो फुगला की चांगल्या प्लेटलेट्सही आत अडकवून ठेवतो. "म्हणून आकडा उतरतो. डासाचा काही संबंध नाही."

"मग बाहेरून प्लेटलेट्स भरल्या तर?"

"फुगलेली पाणथरी त्याही आत ओढते. आणि कालचं रक्त प्लेटलेट्स कमी होत्या म्हणून नाही आलं. तुंबलेल्या रक्ताच्या दाबाने नस फुटली."

"म्हणजे पपईचा रस..."

"कडू लागला असेल, एवढंच."

मी विचारलं, प्लेटलेट्सचं लिव्हरमध्ये काम तरी काय असतं, जखम बांधायची तेवढंच ना? ते म्हणाले, नाही, लिव्हरचा तुकडा कापून काढला तर उरलेलं पुन्हा वाढतं, आणि त्या वाढीला प्लेटलेट्स हातभार लावतात. मात्र वर्षानुवर्षं चरबीने सुजलेल्या लिव्हरमध्ये याच प्लेटलेट्स गोळा होऊन सूज आणखी वाढवतात. मला माझी जुनी सवय नडली. मी विचारलं, "मग त्या चांगल्या की वाईट? कुणाच्या बाजूच्या?"

ते पहिल्यांदा हसले. "त्या कुणाच्याच बाजूच्या नाहीत. जिथे असतील तिथे आपलं काम करतात."

माझ्याकडे असल्या गोष्टीसाठी मथळा नव्हता.

घरी सोडताना डॉक्टरांनी जे सांगितलं ते आई, मी आणि बाबा, तिघांनी ऐकलं. दर महिन्याला मंगळवारच्या लिव्हर ओपीडीत यायचं. फुगलेल्या नसा पूर्ण बसेपर्यंत पुन्हा पुन्हा बँड लावावे लागतील. ते राहिलं तर परत रक्त येईल, आणि दुसऱ्यांदा आलेलं थांबेलच याची खात्री नाही. निबर झालेलं पूर्वीसारखं होणार नाही, पण नीट सांभाळलं तर काही वर्षं मिळतील.

घरी आल्यावर बाबांनी पहिली सूचना केली. "कुणी विचारलं तर डेंग्यू. परत झाला म्हणायचं."

"आणि मंगळवारी?" मी विचारलं.

"बघू."

पहिला मंगळवार गेला. मग दुसऱ्या महिन्याचा. आमच्या भागातली अर्धी माणसं त्याच हॉस्पिटलात जातात, आणि लिव्हर ओपीडीचा बोर्ड शिरल्या शिरल्या समोर आहे, हातभर अक्षरांचा. बाबांनी त्या बोर्डाखाली बसण्यापेक्षा घरी बसणं पसंत केलं. आई रडली, चिडली, एक दिवस जेवली नाही. ते पानाच्या टपरीवरच्या मंडळींना डेंग्यूची लक्षणं सांगत राहिले.

मला त्या दिवसांत सारखी एक बाई आठवायची. मी सहावीत असताना आमच्या मागच्या गल्लीत शाळेच्या बसचा एक ड्रायव्हर राहायचा. त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. त्याची बायको एका संध्याकाळी आमच्या दारात आली. "भाऊ, ते पीत नाहीत हो. तुमचा कागद वाचून लोक आम्हाला बोलतात." बाबांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, "वहिनी, घरातली माणसं असंच म्हणतात. तुमचा त्यात दोष नाही." ती पाणी न पिता उठली. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळ्यांना सांगितलं की हिचे बाबा दारूने मरतायत. कुणी मला ते सांग म्हटलं नव्हतं. मला ते सत्य वाटत होतं, आणि सत्य सांगायचंच असतं असं मला शिकवलेलं होतं. तो माणूस तीन महिन्यांनी गेला. त्यांनी घर सोडलं.

मी नवं पत्रक लिहायला घेतलं. आधीचं माझं डेंग्यूचं चुकलं, त्याआधीची बाबांची लिव्हरची चुकली, दोन्ही कबूल करणारं. बाबांना वाचायला दिलं. त्यांनी सवयीने पेन्सिल घेतली, दोन जागी मजकूर आखूड केला, शेवटपर्यंत गेले, आणि कागदाची घडी घातली.

"नाही."

"काय चुकीचं लिहिलंय सांगा."

"चुकीचं काही नाही. मी गेल्यावर छाप."

"ओपीडीला असेच दांड्या मारत राहिलात तर फार थांबावं लागणार नाही."

"जीभ आवर गं!" आई ओरडली.

बाबा शांत होते. "तीस वर्षं लोकांच्या तोंडावर बोललोय मी. ते एकाही माणसाला खरं वाटणार नाही. म्हणतील, बघा, हाच पीत होता लपून."

मी त्या कागदाची हाताने एक प्रत केली आणि त्यांना न सांगता जूचंद्रला गेले. त्या बाईचं माहेर जूचंद्र, एवढं आठवत होतं. देवळाजवळच्या दुकानदाराला स्कूल बसच्या ड्रायव्हरची बायको म्हटल्यावर त्याने घर दाखवलं. नव्या टॉवरच्या सावलीत दबलेलं बैठं घर, दारात सुकट वाळत घातलेली.

"कोन पाहिजे?"

मी नाव सांगितलं, त्यांना ओळख लागली नाही. मग मी जुन्या गल्लीचं सांगितलं.  "पत्रकवाल्यांची पोर ना तू?" मग दारातून बाजूला होत, "आत ये. पानी घे आधी."

मी पाणी प्याले. संपूर्ण. त्यांनी चष्मा लावून माझा कागद उभ्यानेच वाचला.

"हे तुझ्या बाबांना झालं?"

"हो."

"प्लेटलेट्स किती?"

मी दचकले. "एकसष्ट."

"आमच्या ह्यांच्या पन अशाच उतरलेल्या. आम्ही पन डेंग्यू समजून नारळपानी पाजत होतो." त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. "याचं मी काय करू? भिंतीला लावू?"

"माझं... आमचं चुकलं, हे सांगायला..."

"ऐक. डॉक्टरने त्यांना दर महिन्याला बोलावलं होतं. दोनदा गेले. तिसऱ्यांदा गेटवरून परत आले. तुमचा कागद गेटवर चिकटवलेला होता, त्या काळ्या डागाचा. म्हनाले, त्याच्या बाजूने आत जायचं म्हनजे आपन कबूल केल्यासारखं. मग गेलेच नाहीत." त्या सुकट वर-खाली करायला लागल्या. "सांगायला कोनाला जानार होते मी? तुमच्याच दारात आले होते ना एकदा."

ते गेटवर चिकटवायला बाबांबरोबर मी गेले होते. खळीचा डबा माझ्या हातात होता. उंच लावा बाबा, कुणी फाडणार नाही, असं मीच म्हणाले होते.

त्यांच्या मुलीचं विचारायचं होतं. माझी हिंमत झाली नाही, त्यांनीच सांगितलं. "पोर नोकरीला आहे. तू आलेलीस हे मी तिला सांगनार नाही." मी चपला घालत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "कागद छाप, नको छापू, तुझं तू बघ. बापाला डॉक्टरकडे ने. लाजेपायी एक गेला तेवढा पुरे."

घरी आले तेव्हा बाबा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर. पायांना सूज होती. मी त्यांना सगळं सांगितलं. कुठे गेले होते, काय ऐकलं, त्या बाईंच्याच शब्दांत. एकही शब्द मऊ केला नाही. आज वाटतं, थोडा करायला हवा होता.

"कुठल्या गेटवर?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला माहिताय कुठल्या."

"उंच लावलं होतं आपण."

"हो."

ते त्या दिवशी जेवले नाहीत. आईने दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं. तीन दिवस घरात कामापुरतं बोलणं. चौथ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ते आईला म्हणाले, "माझा पांढरा शर्ट काढ. मंगळवार आहे ना आज?"

दोन महिने चुकवल्यावर आम्ही त्या बोर्डाखाली बसलो. आधी तपासणीला रक्त दिलं. बाबांच्या कोपराच्या आत कापूस ठेवून सिस्टरने मला सांगितलं, "दाबून धरा. यांचं पटकन थांबणार नाही." मी अंगठ्याने दाबून बसले. बाकावर आजूबाजूला पिवळे डोळे, फुगलेली पोटं, एक साडीतली आजी, एक कॉलेजातली मुलगी. बाबा प्रत्येकाकडे बघत होते. नजरेनेच एकेकाला काहीतरी विचारत होते असं मला वाटलं, की हा पीत असेल का, ही कशी पीत असेल.

तेवढ्यात आमच्या बिल्डिंगमधले दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ समोरून आले. हातात बायकोचा एक्स-रे.

"अरे काका! तुम्ही इथे? परत डेंग्यू?"

बाबांनी वर बोर्डाकडे बघितलं. "नाही. लिव्हर."

"लिव्हर?"

"सिरोसिस."

त्या माणसाने बाबांच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाबांकडे. ओठाच्या एका कोपऱ्यात हसू आलं. त्याने ते आवरायचा प्रयत्न केला, वाईट माणूस नाही तो. खाली वाकून त्याने बाबांच्या खांद्यावर थोपटलं. "असू दे काका. चालायचंच. आजकाल काय, कोण घेत नाही? मी नाही बोलणार बिल्डिंगमध्ये."

मी ताडकन उठले. "अहो, त्यांनी आयुष्यात एक थेंब..."

"कापूस," बाबा म्हणाले.

माझा अंगठा सुटला होता. कापूस खाली पडला होता आणि पांढऱ्या शर्टाच्या दुमडलेल्या बाहीवर रक्ताची रेघ उतरत होती. मी घाईघाईने पदराने दाबलं. तो माणूस ओशाळून, एक्स-रे छातीशी धरून निघून गेला.

"मी जाऊन सांगते त्याला."

"बस खाली. दाब नीट." बाबांचा आवाज छापखान्यात असतो तसा होता, मशीन चालू असताना काम सांगतानाचा. "काय सांगशील? तो म्हणाला ते त्याला शिकवलं कुणी?"

मी बसले. सिस्टरने नवा कापूस दिला. बाबा बोर्डाखाली ताठ बसून राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघितलं तरी त्यांनी मान खाली घातली नाही. अंगठ्याखालचा डाग मोठा होत होता. आमच्या पुढे अजून नऊ नंबर होते.